रॅम कमी पडते, मग व्हर्च्युअल मेमरी वाढवू की बंद करू?

प्रश्न : सर नमस्कार, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे. जॅकार्डच्या डिझाईनसाठी एक कॉम्प्युटर ठेवलाय, रॅम 8 जीबी, साधी हार्ड डिस्क. फोटोशॉपमध्ये मोठी फाईल आणि डिझाईनचं सॉफ्टवेअर एकदम उघडलं की मेमरी कमी असल्याचा मेसेज येतो आणि सगळं हँग. एकजण म्हणतो व्हर्च्युअल मेमरी 32 जीबी करा, रॅमचा खर्च वाचेल, दुसरा म्हणतो बंदच करून टाका, स्पीड वाढेल. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, दोघांचंही नका ऐकू, आणि बंद तर अजिबात करू नका. मुळात व्हर्च्युअल मेमरी म्हणजे नुसती डिस्कवरची जादा जागा नाही. विंडोज प्रत्येक प्रोग्रामला स्वतःचे वेगळे पत्ते देतं, आणि त्या पत्त्यावरचं 4 केबीचं पान, म्हणजे मेमरीचा एक ठरावीक तुकडा, खरं रॅममध्ये कुठं आहे हे प्रोसेसर तक्त्यात बघून शोधतो, म्हणून तर एक सॉफ्टवेअर बिघडलं तरी दुसऱ्याच्या डेटाला धक्का लागत नाही. ही कल्पना जुनी आहे, मँचेस्टरच्या ॲटलस कॉम्प्युटरवर 1962 मध्येच ती चालू झाली होती. हा भाग बंद होतच नाही. सेटिंगमधून बंद होते ती फक्त पेजफाईल, म्हणजे रॅम भरल्यावर सध्या न लागणारी पानं जिथं जातात ती डिस्कवरची फाईल. ती काढली तर स्पीड वाढायचं सोडाच, मेसेज आणखी लवकर येईल आणि सेव्ह न केलेलं डिझाईन जाईल ते वेगळंच.

आता वाढवायचं म्हणाल तर त्यानं मेसेज थांबेल, पण हँग होणं थांबणार नाही. रॅममधून डेटा यायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवरून 10 मिलीसेकंद, म्हणजे लाखभर पट उशीर! दोन्ही सॉफ्टवेअरना एकाच वेळी आपली पानं हवी असली की मशीन पानं आत-बाहेर करण्यातच अडकतं, याला थ्रॅशिंग म्हणतात, तुमच्याकडं बहुतेक तेच होतंय.

खात्री करून घ्या. काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, तिथं खाली ‘कमिटेड’चे दोन आकडे दिसतील, पहिला म्हणजे प्रोग्रामना देऊ केलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाईल मिळून असलेली मर्यादा. पहिला दुसऱ्याला टेकायला आला की मेसेज येतो. ‘अव्हेलेबल’, म्हणजे वापरायला उरलेली रॅम, सारखी तळाला जात असेल आणि त्याच वेळी डिस्क 100 टक्के दिसत असेल तर सरळ रॅम 16 जीबी करा, जमलं तर एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाका आणि पेजफाईल विंडोजवरच सोडा. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क, म्हणजे ते आपला तात्पुरता डेटा ठेवतं ती डिस्कवरची जागा, वेगळी असते बरं का, तीही सी ड्राईव्हवरच असेल तर तिथं जागा मोकळी ठेवा. आणि रॅम आणायच्या आधी मदरबोर्डला डीडीआर3 लागते की डीडीआर4 आणि स्लॉट रिकामा आहे का ते बघूनच बाजारात जा.