वाचकांचे प्रश्न : डाकारच्या गाण्यात क्यूबाचा ठेका

प्रश्न : सेनेगलच्या ऑर्केस्ट्रा बाओबाबची गाणी ऐकते. बरीचशी वोलोफ भाषेत आहेत, पण ठेका क्यूबाचा वाटतो. तो तिथे पोहोचला कसा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मुख्यतः तबकड्यांवरून. १९३३ पासून ‘जीव्ही’ नावाच्या मालिकेतून क्यूबन गाण्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आफ्रिकेत विकल्या जाऊ लागल्या. क्यूबाचं तेव्हाचं गाजलेलं गाणं ‘एल मानिसेरो’ म्हणजे शेंगदाणेवाल्याची हाक, आणि सेनेगल तर भुईमुगाचाच देश! पण हे संगीत तिथे रुजलं त्याचं कारण जुनं आहे. गुलाम म्हणून क्यूबात नेलेल्या आफ्रिकी माणसांनीच हे ताल तिकडे नेले होते. घानातल्या ‘गा’ लोकांच्या क्पानलोगो या नृत्यसंगीतात लोखंडी घंटेवर वाजणारा ठेका आणि क्यूबाचा ‘सोन क्लावे’ (दोन काठ्या एकमेकींवर आपटून वाजवायचा पाच आघातांचा ठेका) यांचे आघात आजही तंतोतंत जुळतात. म्हणून याला परकी छाप म्हणणं आम्हाला पटत नाही. माहेरचं माणूस घरी परतलं, इतकंच.

१९६० मध्ये, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, डाकारच्या मायामी क्लबात स्टार बँड उभा राहिला. १९७० मध्ये बाओबाब आला. त्याचा गिटारवादक बार्थेलेमी अतिसो टोगोचा, तर काही गायक दक्षिणेकडच्या कासामान्सचे.

प्रश्न : मी तबला शिकतो. या गाण्यांत समच सापडत नाही. क्लावे हातावर कसा धरायचा? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : सोळा मात्रा मोजा. पाय १, ५, ९, १३ वर आपटा आणि टाळी १, ४, ७, ११, १३ वर द्या. पायाची गती मिनिटाला साठ ठेवा. न चुकता वीस आवर्तनं झाली की शंभरावर न्या. तीनतालाची सवय इथे आडवी येते. पाचवीवर आपली टाळी असते, इथे हात मोकळा. नवव्या मात्रेवरही काही नाही, आणि नेमकी तिथेच नवशिक्याची चौथी टाळी लवकर पडते. तिसरी टाळी सातवरून आठवर सरकली, तर तो रुंबा क्लावे होतो, म्हणजे दुसराच ठेका. क्लावेच्या पहिल्या आठ मात्रांत तीन आघात, पुढच्या आठांत दोन. काही गाण्यांत ही दोन आघातांची बाजू आधी येते. तेव्हा टाळ्या ३, ५, ९, १२, १५ वर घ्या.

आता समेचं. बास गिटारचा नेहमीचा ठेका ४, ७, १२, १५ वर पडतो. पहिल्या मात्रेवर बास गप्प असतो, कारण पुढच्या कॉर्डचा (स्वरसंगतीचा) स्वर त्यानं पंधरावीलाच देऊन टाकलेला असतो. तबलजीचा कान जड आघाताला सम मानतो आणि दोन मात्रा आधीच येऊन बसतो. बास सोडा, पाय धरा. बाओबाबच्या गाण्यांत क्लावेच्या काठ्या प्रत्येक वेळी वाजतीलच असं नाही. टाळी तुमची तुम्हालाच चालू ठेवावी लागेल.

प्रश्न : डाकारमध्ये आजही हेच चालतं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सेनेगलचे पारंपरिक साबार ढोल पुढे आले. एका हातात काठी, दुसरा हात मोकळा, असं ते वाजवतात. त्यांतून म्बालाख हे नवं नृत्यसंगीत घडलं आणि गायक युसू एन्दूरनं ते जगभर नेलं. बाओबाब मागे पडला, ऐंशीच्या दशकात थांबला आणि २००१ मध्ये पुन्हा एकत्र आला. त्याआधीच, १९९३ च्या सुमारास, ‘आफ्रिकांदो’ या वाद्यवृंदात सेनेगलचे गायक न्यूयॉर्कच्या साल्सा (क्यूबन धाटणीचं नृत्यसंगीत) वादकांबरोबर वोलोफमध्ये गाऊ लागले होते.