रावेत-वाकडकडे राहून लक्षात राहील असं खायला कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरहून येऊन सहा महिने झाले, घर रावेतला, नोकरी दोघांचीही हिंजवडीत. शनिवारी बाहेर पडलं की सगळीकडे तेच पनीर, तीच बिर्याणी, तेच लाल-पिवळे दिवे. चांगलं खायचं तर दर वेळी पुण्याच्या पेठांमध्येच जायला लागणार का?

अजिबात नाही. मी २००४ साली साताऱ्याहून भोसरीत नोकरीला आलो, पहिली सहा वर्षं खानावळीवर काढली आणि तेव्हापासून याच बाजूला राहतोय. पेठांमध्ये आम्ही खाण्यासाठी वर्षातून दोन-तीनदा जात असू, तेही पाहुणे आले तरच.

तिकडे पिढ्यान् पिढ्या चाललेली दुकानं आहेत, तशी इकडे शोधाल तर हिरमोड होईल. चिंचवडगावासारखी जुनी गावं सोडली (तिथली नेवाळ्यांची मिसळ एकदा खाऊन याच) तर इथली वस्ती कारखान्यांच्या मागोमाग आलेली आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषधांची कंपनी आली, साठच्या दशकात एमआयडीसी आणि टेल्को (आताची टाटा मोटर्स), १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि पुढे हिंजवडीच्या आयटी कंपन्या. दर खेपेला वेगळ्या मुलखातली माणसं आली आणि येताना आपली चव घेऊन आली. म्हणून मोबाईलवरचे तारे नंतर बघा. आधी विचारा, या भागात लोक कुठून येऊन राहिलेत आणि कामाला किती वाजता बाहेर पडतात. खाणं त्याच दोन गोष्टींवर ठरतं.

पिंपरी कॅम्पच घ्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ही वस्ती. तिथे सकाळी दाल-पकवान मिळतं आणि ते खाल्ल्याशिवाय पिंपरीत राहतो असं म्हणू नये, इतकं माझं त्याच्यावर प्रेम आहे. पकवान म्हणजे जिरं-मिरी घातलेली मैद्याची ताटलीएवढी पुरी. फुगू नये म्हणून टोचे मारून मंद आचेवर कडक तळलेली. डाळ हरभऱ्याची, पण आपल्या आमटीसारखी पातळ नाही. दाणा अख्खा दिसतो आणि जिभेने दाबला की विरघळतो. वर चिंचेची चटणी, हिरवी चटणी आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा. पकवानाचा तुकडा मोडायचा आणि त्यानेच डाळ उचलायची. ही न्याहारी आहे, त्यामुळे अकराला पोचलात तर डाळ तळाला गेलेली असेल. त्याच बाजारात कमळकाकडी दिसली तर घ्या. आणि कोणी सिंधी शेजारी कढीला बोलावलं तर नक्की जा. ती कढी दह्याची नसते. बेसन भाजून चिंचेच्या कोळात केलेली असते आणि तिच्यात भेंडी, गवार, शेवग्याच्या शेंगा असं बरंच काही पडतं.

दुसरी मोठी वस्ती खान्देशी लोकांची. भोसरी, चिखली, निगडीकडे जळगाव-धुळ्याचे लोक भरपूर आहेत. माझ्या खानावळीच्या काकू भुसावळच्या होत्या. भाज्या महागल्या की शेवभाजी करायच्या, आणि ती अशी की आम्ही मनातून भाज्या महागच राहू देत म्हणायचो. चंपाषष्ठी झाली की जळगावहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने भरताच्या हिरव्या वांग्यांचं पोतं यायचं. काकू गच्चीवर अर्ध्या कापलेल्या पत्र्याच्या पिंपात जाळ करून ती भाजायच्या. सालं काढताना बोटं पोळायची, म्हणून शेजारी पाण्याची वाटी. मग लाकडी काठवटीत हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून ठेचायच्या आणि वरून शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेल. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. टोमॅटो घातलेलं भरीत त्यांना कोणी दाखवलं असतं तर त्यांनी पान बाजूला सारलं असतं. थंडीत या भागात ‘खान्देशी भरीत मिळेल’ असे बोर्ड लागतात, किलोवर विकतात. घरी आणा, भाकऱ्या मात्र गरम हव्यात.

खानावळीत खायचं असेल तर रविवारी दुपारी जा. त्या दिवशी फीस्ट असते, गोड पदार्थ असतो आणि काकू लोक स्वतः वाढायला उभ्या असतात. रविवारी संध्याकाळी बहुतेक खानावळी बंद, हे लक्षात ठेवा.

मटणाबद्दल कोल्हापूरकराला सांगायचं म्हणजे धाडसच, पण इकडचं गणित सांगतो. बुधवार, शुक्रवार, रविवार हे इथले खाण्याचे वार. त्या दिवशी माल ताजा येतो आणि दुपारी दोनपर्यंत संपतो. सोमवारी किंवा गुरुवारी जिथे मटण थाळी भरपूर शिल्लक असते, तिथे मी बसत नाही. एकदा आई-वडील आले होते तेव्हा हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात घेऊन गेलो. दारात बैलगाडी, वाढप्यांना फेटे, बोर्डावर ‘अस्सल गावरान’. काळ्या मसाल्याचं मटण आणि अंडाकरी एकाच रश्शात आली, भाकरी कडेला वाळलेली. वडील काही बोलले नाहीत, पण भाकरी अर्धी टाकून उठले. ते मला अजून लागतं. तेव्हापासून मी आत शिरताना कान देतो. भाकरी थापल्याचा आवाज येत असेल तर बसतो.

खडकी आणि देहूरोडला छावणी आणि लष्करी डेपोंमुळे तमिळ कुटुंबं पूर्वीपासून आहेत. तिथली इडली सकाळी लवकर खायची, चटणी पातळ आणि तिखट असते.

आणि मावळ विसरू नका. आकुर्डी स्टेशन तुमच्या रावेतपासून जवळ आहे. इंद्रायणी तांदूळ घ्यायला लोणावळा लोकलने कामशेतला उतरा. दुपारी गाड्यांमध्ये मोठा खंड असतो, तेव्हा वेळापत्रक बघून निघा. हा तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातला, आंबेमोहोराच्या वंशातला. १९८७ मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती आला. दिवाळीनंतर नवा तांदूळ मिळतो, त्याचा भात थोडा चिकट होतो, वासावर शेजारी विचारायला येतात. पावसाळ्यात कामशेतकडच्या रस्त्यावर बायका खेकडे बांधून विकायला बसतात. नांग्या कुटून रस्सा कसा करायचा ते घेता घेता त्यांनाच विचारा, हौसेने सांगतात.

सुरुवात या रविवारी पिंपरी कॅम्पापासून करा. साडेआठच्या आत पोचा आणि घरून एक डबा न्या, जास्तीची डाळ बांधून घ्यायला. पकवान कागदातच ठेवायला सांगा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घरी येईपर्यंत सादळतं.