केसालाही धक्का न लागता

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावर रिक्षावर झाडाची फांदी कोसळली, टप फाटला, पण आत बसलेल्या मावशीला खरचटलेही नाही. हे इंग्रजीत कळवताना ‘शी एस्केप्ड स्कॉट-फ्री’ असे लिहिले तर चालेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : शक्यतो लिहू नये. ‘स्कॉट’ म्हणजे पूर्वीचा कर किंवा वर्गणी. त्यामुळे हा प्रयोग आज प्रामुख्याने शिक्षा चुकवून मोकळ्या सुटलेल्या माणसाबद्दल होतो, आणि आपल्या मावशींनी तर कोणाचे काही बुडवलेले नाही. येथे ‘अनस्केथ्ड’ चपखल बसेल, कारण त्यातील ‘स्केथ’ म्हणजे इजाच; ‘विदाउट अ स्क्रॅच’ मात्र आपल्या ‘खरचटलेही नाही’च्या अधिक जवळचा आहे आणि घरगुती पत्रात तोच शोभतो. ‘नॅरो एस्केप’ आणि ‘क्लोज शेव्ह’ यांतून संकट किती जवळून गेले एवढेच कळते. ‘बाय द स्किन ऑफ हर टीथ’ या प्रयोगाचे मूळ 1560 च्या जिनिव्हा बायबल या इंग्रजी भाषांतरात, ईयोब (जोब) या पात्राच्या तोंडी सापडते. दातांना कातडी नसतेच, म्हणून अर्थ ‘जेमतेम’, पण इजा झाली की नाही ते त्यातून समजत नाही. ‘नियर मिस’ हा कारखान्यांतील सुरक्षा विभागाचा शब्द असून, इजा होऊ शकली असती पण झाली नाही, अशा घटनेची नोंद करताना तो वापरतात.