‘वाघ दिसला काय?’ याच्यापुढं कुणी विचारतच नाही

“मॅडम, चार दिवस इतकी आनंदात होते की घर आठवलंसुद्धा नाही. अन् आल्यापासून सकाळी उठावंसंच वाटत नाही. मले डिप्रेशन झालं काय?”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी आठवड्यातून एक दिवस समुपदेशनाला बसते. मे संपता संपता हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. कुणी ताडोब्याच्या जंगलाहून परतलेलं असतं, कुणी नागझिऱ्याच्या. विचारताना माणसं ओशाळतात. शेजारच्या घरात कर्जापायी कुणाला झोप नाही आणि आपण सहलीवरून आलो म्हणून रडतो, हे सांगायचं कसं? या लाजेपायी कितीतरी जण येतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. दुःख सांगायला आधी ते मोठं असल्याचा दाखला आणावा लागत नाही.

या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वय चाळिशीचं, नवरा शेतकरी, सहा एकर कोरडवाहू वावर. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिघी सहकारी शिक्षिकांबरोबर त्या पहिल्यांदाच मेळघाटात गेल्या होत्या. चिखलदऱ्याला मुक्काम, गाविलगडावर पायी चढाई, रोज आठ-दहा किलोमीटर चालणं आणि शेवटी बुद्धपौर्णिमेची रात्र मचाणावर. त्या रात्री वन विभाग पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर हौशी लोकांना बसवतो. पाण्यावर कोण आलं, किती वाजता, किती संख्येनं, ते कागदावर टिपायचं असतं.

परत येऊन तीन आठवडे झाले होते. पहिल्या भेटीत मी आधी धोक्याच्या खुणा तपासल्या. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असणं, आवडीच्या गोष्टींतही रस न उरणं, झोप-भूक बिघडणं, स्वतःलाच दोष देत राहणं, जगू नये असं वाटणं. यातलं बरंच काही एकत्र दिसलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. मरणाचे विचार येतात का, हे मी सरळ विचारते. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत, उलट मनात असतील तर बोलायला वाट मिळते. त्यांना तसं काही नव्हतं. जेवण नीट होतं, लेकीबरोबर हसणं होतं. सकाळ आणि संध्याकाळ मात्र जड जात होती.

झोप बिघडली होती, त्याचं कारण सापडलं. जंगलात नऊला डोळे मिटत आणि पाचला जाग येई. घरी आल्यावर रात्री एकपर्यंत फोनवर तेच फोटो पाहणं चाललं होतं. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली काही जणांना आठवडाभर तंबूत ठेवलं, रात्री विजेचा उजेड नाही, फक्त सूर्य आणि शेकोटी. तेवढ्यात त्यांच्या शरीराचं घड्याळ सुमारे दोन तास अलीकडं आलं. तिथं लागलेली लय घरच्या ट्यूबलाइटखाली आणि फोनच्या उजेडात मोडते, मग सकाळी अंग उठत नाही. त्याला आळशीपणा म्हणू नये. दहानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि उजाडताच अर्धा तास अंगणात काढायचा, एवढं ठरलं.

दुसरं म्हणजे, सुट्टीचा आनंद लवकर ओसरतो. नेदरलँड्समध्ये यावर बरंच संशोधन झालं आहे. सुट्टीत सुधारलेलं मन कामावर परतल्यावर साधारण पहिल्या आठवड्यातच पूर्वीच्या पातळीला येतं, असं त्यात दिसलं. ते चार-सहा दिवस उदास जाणं अगदी स्वाभाविक आहे.

पण यांना तीन आठवडे झाले होते. इथं माझं चुकलं. मी त्यांना नेहमीचा उपाय दिला: दिवसा एकदा निवांत फोटो पाहा, सहलीतल्या चांगल्या गोष्टी वहीत लिहा. आठवड्यानं त्या आल्या आणि म्हणाल्या, “फोटो पाहून जास्तच रडू आलं.” शिवाय बदलीचा विचार डोक्यात बसला होता, थेट मेळघाटातल्या धारणी तालुक्यात. लेकीची शाळा, सासूबाईंची औषधं, सगळं सोडून. मी म्हटलं, महिनाभर कोणताही अर्ज नको. उतरत्या मनानं घेतलेला मोठा निर्णय पुढं अंगावर येतो. आणि मग म्हटलं, मला त्या रात्रीचं सांगा.

पाऊण तास त्या बोलत होत्या. चंद्र वर आल्यावर पाणी कसं पांढरं दिसायला लागलं. रातवा ठोक्यावर ठोके दिल्यासारखा कसा ओरडत राहिला. एक अस्वल आलं, पाणी पिताना त्याचा आवाज मचाणापर्यंत ऐकू येत होता. दोननंतर गव्यांचा कळप आला आणि आपण श्वास घेतोय हेही त्या विसरल्या. पहाटे दूरवर, वाघाची चाहूल लागल्यासारखं सांबर ओरडलं, सगळ्या ताठ झाल्या, पण वाघ काही आला नाही.

मी विचारलं, “हे घरी कुणाला सांगितलं?”

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “सगळे एकच विचारतात, वाघ दिसला काय? नाही म्हटलं की, मंग पैसे कायले घातले? अन् संपलं.”

आणि नवरा? तिथं खरी गाठ होती. पेरणी झाली की ते रात्र-रात्र वावरात जागलीला, म्हणजे राखणीला असतात. रानडुकरं पेरलेलं बी उकरतात, रोही, म्हणजे नीलगाई, कोवळी रोपं खुडतात. कुंपणाला विजेचा सौम्य धक्का देणारं झटका मशीन लावलं तरी डोळा लागू देता येत नाही. सहलीहून आलेल्या बायकोला ते एकच वाक्य बोलले होते: “आमी जनावरं हाकलाले जागतो, तुमी पाहाले जागता.” रागानं नव्हे, थकून बोलले होते. त्यानंतर बाईंनी मेळघाटाचं नाव घरात काढलं नाही. आयुष्यातली सर्वांत सुंदर रात्र त्यांना चोरीच्या मालासारखी लपवावी लागत होती. माझ्या मते तीन आठवड्यांचं रडू त्या लपवण्यातून येत होतं.

नवरा त्यांना मोटरसायकलवर घेऊन यायचा आणि बाहेर लिंबाखाली उभा राहायचा. पुढच्या वेळी मी त्यांना आत बोलावलं. ‘बायकोचं ऐकून घ्या’ असं सांगितलं असतं तर ते मान हलवून निघून गेले असते. मी विचारलं, “दादा, जागलीवर रात्री काय काय ऐकू येतं?”

ते आधी बुजले. मग म्हणाले, “डुकरं एकदम नाई येत. एक मादी पुढं येते, वास घेते. ते थांबली का बाकीचे थांबतात.” जरा वेळानं म्हणाले, “रोही एकाच जागी लेंड्या टाकते. थो ढीग पाह्यला का त्याची वाट समजते.”

बाई वळून त्यांच्याकडं बघत राहिल्या. “तुम्ही हे कधी बोलले नाही.”

“तू कधी विचारलं?”

हे ऐकायला कडू होतं आणि मी ते लगेच गोड करायला गेले नाही. वीस वर्षांच्या संसारात एकाची रात्र दुसऱ्याला ठाऊक नसणं हे आमच्याकडं घरोघरी आहे. त्याचा दोष मी कुणा एकाला देणार नाही. दोघं थोडा वेळ गप्प बसले, मग तिनं त्याला गव्यांचं सांगितलं. वाघाचा विषय निघाला नाही. “गवा किती मोठा असते?” एवढं त्यानं विचारलं, आणि तिनं खुर्चीवरून उठून हातानं उंची दाखवली.

तुम्ही स्वतः असेच परतला असाल तर माझं एक सांगणं आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत असं एक माणूस गाठा, ज्याला सगळं पहिल्यापासून ऐकायला वेळ आहे. आणि घरातलं कुणी परतलं असेल तर वाघाचा प्रश्न शेवटी विचारा. जेवण किंवा झोप तुटली, कामं होईनाशी झाली, जगणं नको वाटू लागलं, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.

जुलैत बाई शेवटच्या आल्या. शाळा सुरू झाली होती. संध्याकाळी अजून कधीकधी घशाशी येतं, म्हणाल्या. बदलीचं मनातून पूर्ण गेलेलं नाही. सहलीच्या खर्चावरून नवरा अधूनमधून बोलतोच. सोयाबीनची चार तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी, डुकरांनी उकरली, तिथं पुन्हा हातानं बी टोबावं लागलं.

एका शनिवारी त्या जागलीला गेल्या होत्या. त्यांनी पिशवीतून शाळेची एक जुनी वही काढली. पानावर पट्टीनं रकाने आखले होते, मचाणावरच्या कागदासारखेच: वेळ, जनावर, संख्या. रात्री १.४०, रानडुक्कर, ११, पिल्लं धरून. त्यापुढं वेगळ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मादी पुढं’.