रेडिओ ४ नुसती बडबड वाटते? एक आख्खा गुरुवार ऐकून बघा

तुम्ही विचारलंय की बीबीसी रेडिओ ४, म्हणजे ब्रिटनमधलं बातम्या, चर्चा आणि नाटकांचं रेडिओ केंद्र, दोन-तीनदा लावला, दहा मिनिटांत कंटाळा आला, गाणी नाहीत, सारखं कोणीतरी बोलतंय, मग लोक याच्यासाठी एवढा जीव का टाकतात आणि सुरुवात नेमकी कुठून करायची.

मी गेली पंधरा-सोळा वर्षं जवळपास रोज ऐकतेय आणि माझं मत अगदी पक्कं आहे, निवडून निवडून ऐकू नका. एक पूर्ण दिवस, शक्यतो गुरुवार, लाइव्ह लावून ठेवा. कान तापायला वेळ लागतो हो. दहा मिनिटांत बंद केलंत तर तो तापायच्या आतच तुम्ही उठून गेलात असं होतं.

सकाळी सहा ते नऊ (सगळ्या वेळा ब्रिटनच्या) 'टुडे', बातम्या आणि मुलाखती, १९५७ पासून चालू आहे. नवीन माणसाला तीन तास झेपणार नाहीत, सव्वाआठच्या जरा आधी जी मोठी मुलाखत असते तेवढी ऐका, पुढे चला.

नऊला 'इन अवर टाइम', हा गुरुवारीच असतो, म्हणून गुरुवार म्हटलं. १९९८ पासून २०२५ पर्यंत लेखक-निवेदक मेल्विन ब्रॅग यांनी चालवला. एक विषय, तीन प्राध्यापक, बस्स. विषय कधी गणितातला, कधी हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी राजवटीचा. पहिली दहा मिनिटं काही कळलं नाही तरी बंद करू नका, कारण ते लोक आधी पाया घालत असतात आणि मग अचानक एक जण म्हणतो मला हे पटत नाही, तिथून खरी मजा येते. एकमेकांचं बोलणं पूर्ण ऐकून घेऊन मग मतभेद सांगणारी माणसं ऐकायला मिळणं हे मला आजही फार मोलाचं वाटतं.

डॉक्युमेंटरी ऐकताना एक गोष्ट मुद्दाम बघा, निवेदक किती कमी बोलतो ते. पूर्वी बऱ्याचदा सामान्य माणसाचं बोलणं लिहून काढायचे आणि ते नट वाचून दाखवायचे. १९५८ मध्ये बीबीसीचे निर्माते चार्ल्स पार्कर आणि लोकगीतं गाणारे इवन मॅकॉल व पेगी सीगर यांनी जॉन ॲक्सन या इंजिन ड्रायव्हरवर कार्यक्रम केला, ब्रेक निकामी झालेली मालगाडी थांबवायच्या प्रयत्नात त्याचा जीव गेला होता, आणि त्यात रेल्वे कामगारांचे खरे आवाज जसेच्या तसे घेतले, त्यांच्या बोलीसकट, मध्ये मध्ये गाणी. आज आपल्याला यात विशेष काही वाटत नाही, पण रडू आवरत बोलणाऱ्या माणसाचा श्वास कुठला नट आणणार?

आता माझा जिव्हाळ्याचा विषय, दुपारी सव्वादोनचं नाटक. पाऊण तास, मध्ये एकही जाहिरात नाही, कारण पैसा लायसन्स फीमधून, म्हणजे ब्रिटनमधली घरं टीव्हीसाठी जी वार्षिक फी भरतात तिच्यातून येतो. रेडिओसाठीच लिहिलेलं पहिलं नाटक म्हणून ज्याचं नाव घेतात ते रिचर्ड ह्यूजचं 'डेंजर', जानेवारी १९२४. कोळशाच्या खाणीत दिवे जातात आणि आत अडकलेल्यांना काही दिसत नाही, म्हणजे ऐकणारा आणि पात्रं एकाच अंधारात! दिसत नाही ही अडचण होती, तिचीच त्यांनी गोष्ट केली.

स्टुडिओत काय चालतं ते कळलं की ऐकणंच बदलतं. मोकळ्या माळावरचा सीन असेल तर आवाज भिंतीवर आपटून परत येता कामा नये, म्हणून प्रतिध्वनी पार मारून टाकलेली वेगळी खोली असते. जिन्याला लाकडी पायऱ्या वेगळ्या, सिमेंटच्या वेगळ्या, खाली खडीचा ट्रे. नट हातात कागद धरून बोलतो, तो कागद वाजता कामा नये, आणि कपबशीचा आवाज बऱ्याचदा शेजारी उभा असलेला दुसराच माणूस करत असतो. माईकच्या अगदी जवळ बोललं की ते मनातलं वाटतं, दोन पावलं मागे गेलं की खोलीच्या पलीकडचं. हे एकदा लक्षात आलं ना की तुम्ही नुसत्या अंतरावरून ओळखता की नवरा-बायकोचं बिनसलंय!

नाटकाच्या आधी दोनला 'द आर्चर्स' या रेडिओ मालिकेचा आदल्या संध्याकाळचा भाग परत लागतो. १ जानेवारी १९५१ पासून देशभर चालू, ॲम्ब्रिज नावाचं काल्पनिक खेडं, सुरुवातीला शेतकऱ्यांना शेतीची माहिती गोष्टीतून पोचवणं हा हेतू होता. याला मात्र दोन आठवडे द्या, आवाज ओळखीचे झाल्याशिवाय काही पत्ता लागत नाही. शुक्रवारी रात्री आठला 'एनी क्वेश्चन्स', १९४८ पासून गावोगाव फिरणारा, समोर बसलेले लोक पुढाऱ्यांना थेट विचारतात, तोही जमला तर ऐका.

भारतातून ऐकत असाल तर 'बीबीसी साउंड्स' ॲप २०२५ पासून ब्रिटनबाहेर चालत नाही, पण रेडिओ ४ बीबीसीच्या वेबसाइटवर लाइव्ह लागतो. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच, म्हणजे नाटक तुमच्याकडे संध्याकाळी पावणेसातला किंवा पावणेआठला.

आणि त्यांचा दिवस संपतो रात्री पाऊण वाजून गेल्यावर, 'सेलिंग बाय'ची धून आणि मग जहाजांसाठी हवामान, व्हायकिंग, नॉर्थ अटसीरा, साउथ अटसीरा, फॉर्टीज असं एकेका समुद्राचं नाव घेत, ३१ भाग, ठरलेल्या शब्दसंख्येत, घाई न करता. तुमच्याकडे तेव्हा उन्हाळ्यात पहाटेचे सव्वापाच झालेले असतात. लवकर उठत असाल तर त्या गुरुवारी अलार्म तेवढ्याचा लावा, नऊच्या चर्चेला अजून पुष्कळ वेळ असतो.