'डेव्हिड कॉपरफिल्ड' ही कादंबरी चार्ल्स डिकन्सची आत्मकथाच मानावी का?

पूर्णपणे मानू नये. परंतु डेव्हिडने बाटल्यांच्या वखारीत काढलेले दिवस जवळजवळ डिकन्सचे स्वतःचेच आहेत. १८२४ मध्ये वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात असताना १२ वर्षांचा डिकन्स लंडनमधील बूटपॉलिशच्या कारखान्यात लेबले चिकटवत होता, आणि त्याविषयी त्याने खासगीत लिहून ठेवलेला मजकूर या कादंबरीत (१८४९-५०) पुष्कळसा तसाच उतरला, हे त्याच्या मृत्यूनंतर मित्र जॉन फॉर्स्टर याने लिहिलेल्या चरित्रातून वाचकांना कळले. मात्र डेव्हिड लहानपणीच पोरका होतो, डिकन्स झाला नव्हता. कर्जबाजारी वडिलांचे रूप डिकन्सने कादंबरीतील मिकॉबर या पात्राला दिले. मुलाला पुन्हा कारखान्यात धाडू पाहणारी डिकन्सची आई मात्र, आणि हेच मला अधिक बोलके वाटते, कादंबरीत कुठेच नाही.