43 फुटांच्या आधी

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चिरंजीव बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा रंकाळ्यावर बसलो होतो तेव्हा तू म्हणालीस, "काका, सरकार काय रोज उठून आपल्या घरात येतंय व्हय? परीक्षेपुरतं वाचायचं आणि सोडून द्यायचं." मी काही बोललो नाही. बत्तीस वर्षं सरकारी टेबलामागे बसलेल्या माणसानं लगेच उत्तर दिलं असतं, तर ते नोकरीची बाजू घेतल्यासारखं झालं असतं. घरी आल्यावर मात्र तुझं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय.

शहरांच्या कारभाराची 74 वी घटनादुरुस्ती तुला पाठ आहे. बाराव्या अनुसूचीतले 18 विषय तू झोपेतही सांगशील. पण तुमच्या गल्लीच्या तोंडाला रस्त्यात जे लोखंडी झाकण आहे, त्याखाली काय आहे, ते तुला माहीत आहे का? त्याखाली व्हॉल्व्ह आहे. पहाटे एक माणूस सायकलवरून येतो, छातीइतकी उंच लोखंडी चावी आत घालतो आणि दोन्ही हातांनी फिरवतो. फेरे मोजून फिरवतो. दोन फेरे कमी पडले तर तुमच्या गल्लीतल्या शेवटच्या घराला करंगळीएवढी धार येते, आणि दोन जास्त झाले तर चढावरच्या गल्लीला पाणीच चढत नाही. थंडीत मी त्याला कानाला मफलर बांधून फिरताना बघितलंय. त्याचं नाव गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. ज्या दिवशी पाणी येत नाही, त्या दिवशी मात्र सगळे त्याला शोधतात.

काळम्मावाडी धरणाच्या पाण्यासाठी या शहरानं किती वर्षं मागणी केली, किती मोर्चे काढले, ते तुझ्या आईला विचार. 50 किलोमीटरहून लांबून थेट पाईपलाईननं ते पाणी 2023 च्या दिवाळीत शहरात आलं, तेव्हा लोकांनी आनंद केला. आज ते पाणी कुठून येतं, ते उपसायला वीज किती लागते, त्या विजेचं बिल कोण भरतं, हे कुणी विचारत नाही. याचा मला राग येत नाही. चालू असलेली गोष्ट नजरेआड होतेच. शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला दरमहा एक रुपया दंड होता. त्या काळी सरकार म्हणजे काय ते उंबऱ्यावर उभं राहून कळायचं. आज मूल सहा वर्षांचं झालं की शाळेत जातं, आणि त्यात सरकार आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

कपिलतीर्थ मंडईत आपण वांगी घेतली, आठवतं? त्या मावशींच्या काट्याला बुडाशी तारेत अडकवलेली शिशाची एक गोळी होती, तिच्यावर ठसा. वजनमापे खात्याचा निरीक्षक दर वर्षी असा इलेक्ट्रॉनिक काटा तपासतो आणि मगच ठसा मारतो. तू एक किलो म्हणालीस, मावशींनी एक किलो दिलं, तुम्ही दोघींनीही एकमेकींवर संशय घेतला नाही. तुमच्या दोघींमधला तो विश्वास त्या गोळीनं धरून ठेवलेला होता. तू तिच्याकडे बघितलं नाहीस. मीही नोकरीत लागेपर्यंत कधी बघितलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, कोल्हापूरकर बेफिकीर आहे. हे मी ऐकून घेणार नाही. याच शहरानं टोल घालवला. शहरातल्या रस्त्यांचं काम बांधा-वापरा-हस्तांतरित करा या पद्धतीनं दिलं गेलं आणि त्या बदल्यात 30 वर्षं टोल घ्यायचं ठरलं. नाके उभे राहिले आणि शहर पेटून उठलं. एन. डी. पाटील, गोविंदराव पानसरे यांच्यासारखी वय झालेली माणसं उन्हात रस्त्यावर बसली. म्हातारी बायामाणसं, रिक्षावाले, पहिलवान, व्यापारी, सगळे एका रांगेत आले. टोल गेला. त्या मोर्चात मी रजा टाकून चाललो होतो आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण त्याच आंदोलनाची दुसरी बाजू मी तुला सांगितलीच पाहिजे. करार झाला तेव्हा तो आपल्यापैकी किती जणांनी वाचला होता? 30 वर्षं हा आकडा त्या कागदावर होता. कागद गुपचूप होता असं नाही, तो नजरेसमोर नव्हता एवढंच. नाका उभा राहिला, खिडकीतून हात बाहेर आला, तेव्हा तो दिसला. आणि टोल रद्द झाल्यावर कंपनीला भरपाई द्यावी लागली, ती सरकारी तिजोरीतून. म्हणजे तुझ्यामाझ्याकडूनच. त्या वेळी कुणी रस्त्यावर आलं नाही, कारण त्यासाठी नाका नव्हता.

माझ्या मते सगळी गोम इथं आहे. जो पैसा हात पुढे करून मागितला जातो तो आपल्याला झोंबतो. जो किमतीत विरघळून जातो तो कळत नाही. घरी गेल्यावर लाईट बिल काढ आणि मागच्या बाजूपर्यंत वाच. स्थिर आकार, वहन आकार, वीज आकार, आणि त्याखाली वीज शुल्क 16 टक्के. ते शुल्क राज्य सरकारचं. वीज आकार किती असावा हे वीज नियामक आयोग ठरवतो आणि ठरवण्याआधी लोकांच्या हरकती मागवतो, सुनावणी घेतो. तुझ्या घरी आजवर फक्त एकूण रक्कम आणि शेवटची तारीख वाचली गेली असेल. आमच्याही घरी तेच होतं.

याच्या उलट तुझ्या मामाकडे बघ. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनाला 3550 रुपये होती, हे त्याला तोंडपाठ. ऊस तुटल्यावर 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर 15 टक्के व्याज, हेही पाठ. दिल्लीत निघालेला आदेश त्याला कळतो, कारण त्याचा वर्षाचा संसार त्या एका बिलावर उभा आहे. तेव्हा लोकांना कळत नाही असं कधी म्हणू नकोस. जिथं एकरकमी लागतं तिथं सगळ्यांना कळतं.

आणि कचेरीत न जाणाऱ्यालाही दोष देऊ नकोस. गवंड्याच्या हाताखाली काम करणारा माणूस एका दाखल्यासाठी आला की त्याची दिवसाची हजेरी बुडते. साहेब मीटिंगला गेले असले की दुसरी बुडते. तिसऱ्या वेळी तो एजंटाला पैसे देतो, आणि त्याचा हिशोब चुकीचा नसतो. मी टेबलाच्या या बाजूनं ते रोज बघत होतो.

इथं मला माझी चूक सांगायची आहे. ज्या कार्यालयात मी होतो, तिथल्या जाहीर नोटिसांचे मसुदे कितीतरी वर्षं माझ्याच हातून गेले. "सर्व संबंधितांना याद्वारे कळविण्यात येते की, उपरोक्त अधिनियमाच्या तरतुदीनुसार..." असं सुरू व्हायचं आणि सहा ओळींनी पूर्णविराम यायचा. एकदा एक बाई कात्रण घेऊन आल्या. म्हणाल्या, "भाऊ, यात माझं घर आहे का नाही, तेवढं सांगा." त्यांचं घर त्यात होतं. हरकतीची मुदत आदल्या आठवड्यात संपली होती. आम्ही नियम पाळला होता, पेपरात छापलं होतं, फलकावर लावलं होतं. त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं ती नजर मला अजून विसरता येत नाही. "तुमचा सर्व्हे नंबर यात आहे का बघा आणि या तारखेच्या आत या," एवढं मी लिहू शकलो असतो. मला कुणी अडवलं नव्हतं.

आता तुमच्या गल्लीचं बोलतो. त्यासाठीच एवढं लिहिलं.

ऑगस्ट 2019 मध्ये तू शाळेत होतीस. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 55 फूट 7 इंचांवर गेली आणि जयंती नाल्याचं पाणी उलटं फिरून शाहूपुरीत शिरलं. कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती रंगायच्या राहिल्या होत्या. पाणी ओसरल्यावर त्या शाडूचा नुसता चिखल झालेला, आणि तुझे आजोबा पाटावर बसून त्यातून एक सोंड वेगळी काढत होते. शहराभोवती समुद्र आणि नळाला थेंब नाही, कारण उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली होती. मग 2021 च्या जुलैत 56 फूट 3 इंच.

इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. कोल्हापुरात हे दोन आकडे लहान पोरालाही येतात. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे, त्यातला कितवा उघडला, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती विसर्ग सुरू आहे, हे पावसाळ्यात चहाच्या गाड्यावर ऐकायला मिळतं. सरकारी आकड्यांवर इतकं लक्ष ठेवणारं दुसरं गाव मला माहीत नाही. पण हे लक्ष जुलैपासून सप्टेंबरपर्यंत. बाळ, पूर पावसाळ्यात येतो, पण तो किती घरांत शिरणार हे बरंचसं उन्हाळ्यात ठरतं. नदीकाठच्या कुठल्या शेतात मुरमाचा भराव पडला, नाल्याच्या कडेला कुणाला परवानगी मिळाली, नालेसफाईत गाळ काढून तो काठावरच ठेवला की उचलून नेला, हे सगळं मार्च, एप्रिल, मेमध्ये होतं. तेव्हा नदी शांत असते आणि कुणी बंधाऱ्यावर जात नाही.

जलसंपदा विभागानं पूररेषा आखलेल्या असतात. 25 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी. तुमचं घर कुठल्या रेषेत येतं, हे तुमच्या घरात कुणाला माहीत आहे? नसेल तर त्यात लाज नाही. नदी एक, आणि तिच्या वाटण्या किती झाल्यात ते बघ. पूररेषा जलसंपदाची, बांधकाम परवाना आणि नाला महापालिकेचा, प्रदूषणाचा विषय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, आपत्तीच्या वेळी जिल्हाधिकारी. कुणाकडे जायचं हेच न कळल्यानं माणूस घरी बसतो. आणि 2020 च्या नोव्हेंबरात महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपल्यावर पाच वर्षं तर नगरसेवकच नव्हते. शहराचा अर्थसंकल्प सभागृहाशिवाय, प्रशासकाच्या सहीनं होत होता. त्या पाच वर्षांत या गोष्टीवर आपण किती वेळा बोललो? मी स्वतः दोन-तीनदा. हे मला फार लागून राहिलंय. आता निवडणूक झाली, सभागृह पुन्हा आलंय, तर निदान त्यांच्यासमोर कुणीतरी कागद घेऊन उभं राहायला हवं.

सगळं सरकार समजून घ्यायला जाऊ नकोस. तेवढा वेळ कुणाकडेच नसतो, आणि तुझी परीक्षा आहे. एकच गोष्ट धर: जयंती नाला. रोज अभ्यासिकेला जाताना तो ओलांडतेसच. त्याचा एक फोटो आठवड्यातून एकदा, त्याच पुलावरून, त्याच कोनातून. वहीत तारीख. गाळ कधी काढला, कुठं टाकला, राडारोडा कुणी आणला. तीन महिन्यांत तुझ्याकडे जे असेल ते कुठल्याही टेबलावर सापडणार नाही.

मग कागद. राज्य सरकारनं 2018 साली निर्णय काढलाय की दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना स्थानिक स्वराज्य संस्थांमधले अभिलेख बघता येतात. फार थोडे लोक जातात. नालेसफाईच्या कामाचा आदेश माग, मोजमाप पुस्तक माग. मोजमाप पुस्तकात किती घनमीटर गाळ निघाला ते लिहिलेलं असतं, ते तुझ्या फोटोंशेजारी ठेव. नाही दाखवलं तर माहिती अधिकाराचा अर्ज कर, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. 30 दिवसांची मुदत असते. अर्जाच्या दोन प्रती कर. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. शिक्का नसलेला अर्ज हरवतो, शिक्का असलेल्या अर्जाला कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. हे मी त्या बाजूनं बघितलेलं आहे.

एकटी जाऊ नकोस. गल्लीतली एक वयस्कर बाई आणि एक कुंभार बरोबर घे. समोरच्या कारकुनावर आवाज चढवू नकोस. तोही नऊ टेबलांचं काम एकटा ओढत असतो, आणि त्यानं मदत केली तर नाव लक्षात ठेवून पुढच्या वेळी त्याच नावानं हाक मार. प्रश्न एका कागदावर एकच लिही, आणि तुझ्या आजोबांना कळेल अशा मराठीत.

उन्हाळा लागलाय, नाल्यात आत्ता पाणी घोट्याएवढंसुद्धा नाही. येत्या सोमवारी मी पावणेतीनला महापालिकेच्या दारात उभा असेन. वही आणि पेन आण, फोटो मोबाईलमध्ये असले तरी चालतील. आणि येताना तुमच्या भिंतीवर 2019 च्या पाण्याची जी रेघ अजून दिसते, तिची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजून लिहून आण.

तुझा,
काका